बारीक आस

कलब्याच्या खाडीवर पोचलो तेव्हा सुकती लागली होती.
व्हिजिट व्हिसाचे साठ दिवस, त्यातला हा एकेचाळिसावा,
आणि बाबांनी पहिल्यांदाच बूट काढले.
“तिवरं,” म्हणाले,
परक्या स्टेशनावर गाववाला भेटावा तसे.
इतके दिवस मी त्यांना मॉल दाखवत होते.

लाकडी पुलावरून चाललो.
खाली चिखलात निवट्यांच्या उड्या,
मुळांची बोटं वर, श्वास घेत.
मग बाबा थांबले.
दोन झाडांमध्ये निळी दोरी, पाण्याखाली ताणलेली.
मला दोरी दिसली. त्यांना सगळं जाळं दिसलं.
“आस बघ, करंगळी जात नाही यातून.
हे मासे धरायला नाही, खाडी पुसायला लावलंय.”

हात खिशात गेला, अडकित्त्याकडे.
मी मनगट धरलं. कापायचं नाही, बाबा.
हात लावायचा नाही, कुणाला हटकायचंही नाही.
पाटीवर नंबर आहे: वेळ सांगायची, जागा सांगायची.
आपण पाहुणे इथले.

“पाहुण्याला चोर दिसला तर तो काय जेवत बसतो?”

म्हणून तर फोन, म्हटलं,
आणि तरी माझं बोट नंबरावर अडलं.
एका खोलीत आठ खाटा असतात इथे,
त्यातला एखादा आपल्याच किनाऱ्याचा निघाला तर?
बाबा वाकून गाठ निरखत होते.
“आपल्याकडची नाही,” म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
“असती तरी लाव.”

पाच वाजून दहा. सातवा खांब, उजवी बाजू.
उबैद नावाचा राखणदार आला, गुडघाभर चिखलात उतरला.
जाळं सोडवताना एक मूळ मोडलं नाही त्याने.
नखाएवढ्या चिंबोऱ्या, किती ते मोजलं नाही,
आणि ताटाएवढं कासव,
एक वल्हं अडकलेलं, जिवंत.

बाबांनी मला दुभाषी केलं.
“त्याला सांग, लावणाऱ्याला धरशील ते धर,
पण हे त्याला विकलं कुणी, तेही विचार.
आस ठेवतात तो बारक्यांनी सुटावं म्हणून.”
माझ्या मोडक्या अरबीत आसाला शब्द नव्हता.
मी बोटांची चौकट करून दाखवली.
उबैदने तिच्यातून पलीकडे पाहिलं, मान हलवली,
हो की नाही, कळलं नाही.

गाडीत बसण्याआधी बाबांनी खिसा उलटा केला:
सुपारीचा चुरा, आणि नातवासाठी उचललेले शिंपले.
“हेही लिहून घे,” त्याला मराठीतच म्हणाले,
“दोन.”