उलट्या क्रमाने हत्तुरे

चन्नबसप्पा हत्तुरे, ओवरसियर,
यांची माझी ओळख पाठीमागून झाली.
बांधणारा पायापासून वर जातो,
मी कौलांपासून खाली येतो.
जुनं पाडून, राडारोडा उचलून देणे हा धंदा,
साखर पेठेत बोर्ड आहे, खाली मोबाइल नंबर.

पहिल्यांदा हाती आलं ते त्यांचं शेवटचं काम :
कापूस बाजारातली काट्याची शेड.
म्हातारपणचं काम लगेच कळतं.
नक्षी नाही, कंगोरा नाही,
चैतातल्या दुपारी दोनला
तोलाराच्या मानेवर ऊन पडू नये
एवढ्या हिशोबानं बसवलेला दगड.
दोन दिवसांत पाडली.
तिसऱ्या दिवशी माझे मजूर डबे हातात घेऊन
बसायला सावली शोधत फिरले.

मग गिरणीची चिमणी.
ती वरून, एकेक वीट, साडेचार महिने.
पस्तिशीतला होता तेव्हा तो, हातात मिजास होती.
धुराला भोक पुरतं,
यानं तोंडाशी विटांचं कमळ उमलवलं,
खालून कुणालाच न दिसणारं.
घारींना माहीत असणार.
आणि आता मला, आणि दोराला लटकलेल्या लच्छय्याला,
तो म्हणाला, मालक, हे तोडू का राहू दे?
चिमणी पाडायचं टेंडर घेऊन
वरचं कमळ कुठं राहू देणार.

तळाशी, काजळीच्या आत, भिंतीवर मोडीत चार ओळी.
माझ्या अंगावर काटा आला.
फोटो काढून गोसकी मास्तरांकडे नेला,
त्यांनी चष्मा पुसला, वाचलं :
चुना सात गाड्या आला.
एक बैल आजारी.
मजुरी शनवारी.
आज काम बंद.

त्याच्याही आधीची चाळ, अठ्ठेचाळीस खोल्यांची.
खोलीची रुंदी मागाच्या मापानं,
माणसं उरलेल्या जागेत.
प्रत्येक खोलीत दोन कोनाडे :
वरचा दिव्याचा,
आणि एक गुडघ्याएवढ्या उंचीवर, रिकामाच.
तो कशाला, म्हणून नरसूबाईंना विचारलं,
सामान टेम्पोत चढवत होत्या.
एमो, म्हणाल्या.
मग थांबून म्हणाल्या,
माझी तिन्ही पोरं त्यालाच धरून उभी राहिली.

जिन्यात मात्र चुकला.
अकरावी पायरी बोटभर उंच.
मी पहिल्या दिवशी ठेचकाळलो, शिवी दिली, मेलेल्या माणसाला.
चाळीतलं कुणी अडखळत नव्हतं.
रात्रपाळीहून परतणारा झोपेतसुद्धा
तिथं पाय जरा जास्त उचलायचा.
चाळ गेली, पण नरसूबाई
नव्या फ्लॅटच्या जिन्यात
अकराव्या पायरीला पाय उचलतात म्हणे.

दारं पुण्याला गेली, काच टाकून हॉटेलात टेबलं झाली.
दगड बंगल्यांच्या कंपाउंडला.
चुना कशालाच नाही.
पालिकेच्या दप्तरात हत्तुऱ्यांची एक ओळ :
रजेचा अर्ज, नामंजूर.
त्यांचं चरित्र लिहायचं तर
माझ्या बिलबुकातून लिहावं लागेल.

आता अक्कलकोट रस्ता रुंद होतोय.
कडेला बैलांसाठीचा हौद, काळ्या दगडाचा,
काठावर १८७८ आणि च. ह.
दुष्काळ नुकताच सरला होता,
वय असेल बावीस-तेवीस.
बैल केव्हाच बंद झाले,
शेजारचा पंक्चरवाला हौद भरून ठेवतो,
ट्यूब बुडवून बुडबुडे बघतो.
मी उकिडवा बसून पाहिलं :
पाणी चारही काठांना एकसारखं टेकलेलं.
सव्वाशे वर्षांवर झाली, दगड सुताएवढा खचला नाही.
पहिलं काम बिनचूक.
चुकायला नंतर शिकला.

कोटेशनमध्ये जेसीबी टाकला, दोन माणसं टाकली,
आकड्याची जागा अजून कोरी आहे.
पंक्चरवाला म्हणाला, कवा काढताव?
बघू, म्हटलं.
त्यानं ट्यूब परत बुडवली,
गोल फिरवत राहिला,
आणि आम्ही दोघं
हवा कुठून सुटते ते बघत बसलो.