पावती क्रमांक ४१८

फाटक बंद झालं तेव्हा
बुकातली शेवटची पावती ४१७ होती:
दोन मोठे, एक लहान, कॅमेरा नाही.
वनपाल गुरव मॅडम म्हणाल्या, खिडकीला कडी घाल,
किल्ली मात्र तुझ्याकडंच ठेव.
रोजंदारीवालीला तेवढं पुरतं.
किल्ली कमरेला असली की माणूस कामावर असतो.

वरून पहिला कागद आला: पर्यटन बंद.
मग दुसरा: उपलब्ध मनुष्यबळ अन्य कामी वापरावे.
उपलब्ध मनुष्यबळ म्हणजे मी, बाबासो,
आणि नऊ गाईड, ज्यांचं पोट
लोकांना चितळाची शिंगं दाखवण्यावर चालायचं.

अन्य काम म्हणजे पाणी.
एप्रिलात सागरेश्वरचा कातळ असा तापतो
की भाकरी टाकावी आणि फुगावी.
टँकरचं डिझेल तिकिटाच्या पैशातनं यायचं,
आणि तिकीट तर कडीच्या आत.
मॅडमनी बारा अर्ज लिहिले.
अकरांची उत्तरं अजून यायची आहेत.
बाराव्याला कारखान्याचा मळीचा टँकर आला,
तीनदा धुतलेला, तरी वास मारणारा.
सांबरं दोन दिवस तोंड लावीनात.
तिसऱ्या दिवशी प्याली.
तहानेला नाक नसतं.

नोंद ठेवायला वही मिळेना, दुकानं बंद,
म्हणून रद्द पावत्यांच्या पाठीवर लिहीत गेले:
पाणवठा तीन, बोटभर.
पाणवठा पाच, कोरडा, काठाला तरसाचा ठसा.
पाणवठा एक, मोरानं घाण केली, उपसला.

गाईडांनी जुन्या खाकी गणवेशांचे मास्क शिवले,
देवराष्ट्र्यात घरोघर वाटले.
आठवडाभरात अख्खं गाव
तोंडापुरतं जंगलखात्यात भरती झालं.

पेपरात आलं, निसर्ग परतला.
कुठनं परतला?
इथंच होता की तो, आमच्या समोर.
एवढंच झालं की काळविटाची एक मादी
दुपारची खिडकीच्या पत्र्याखाली बसू लागली,
तिकिटाच्या रांगेत, पहिला नंबर.

भरमू चौगुले अँब्युलन्स चालवायचा,
कडेगाव ते मिरज.
जाताना सायरन, येताना गाडी रिकामी.
एका संध्याकाळी फाटकासमोर थांबला,
दहा पावलांवरनं म्हणाला,
ताई, पाच मिनिटं नुसतं बघू दे.
बंद आहे, मी म्हटलं.
माहीत आहे, म्हणाला.
आज तिघांना पोचवलं.

फाटक मी उघडलं नाही. नियम तो नियम.
तो बाहेर दगडावर बसला.
मादी उठली नाही.
जाळीच्या अल्याड एक, पल्याड एक,
दोघंही धापा टाकल्यासारखी.
मी खिडकीची कडी काढली
आणि ४१८ फाडली:
एक मोठा, कॅमेरा नाही, रक्कम शून्य.
दगडावर ठेवून मागं सरले.
त्यानं ती चार घड्या करून वरच्या खिशात घातली,
गाडी चालू केली, सायरन नाही.

पुढं ती गाडी कितीदा गेली.
चालक दुसरा होता.
मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर फाटक उघडलं.
जमिनीवर चुन्याची वर्तुळं,
खिडकीला काच, काचेवर काळेपांढरे चौकोन,
मोबाईल धरला की पैसे जातात.
बाबासो तापाचं पिस्तूल कपाळावर रोखतो,
लहान पोरं हात वर करतात.
गाईड आता लांबूनच शिंगं दाखवतात,
आवाज मास्कात अडकतो,
तरी चितळं मान वळवतात.
तिकीट मोबाईलवर येतं.
बरं आहे, गर्दी होत नाही,
फक्त त्याला पाठ नसते.
पाण्याची नोंद कुठं लिहू, मी मॅडमना विचारलं.
त्यांनी खरंच एक वही आणून दिली.

मार्चअखेर तपासणीला साहेब आले.
पावतीबुकावर बोट ठेवून म्हणाले,
बंद काळात एक पावती, रक्कम शून्य. खुलासा द्या.
मी लिहून दिलं:
सदर दिवशी एक पर्यटक आला.
प्रवेश दिला नाही.
त्यानं अभयारण्य पाहिलं.

साहेबांनी दोनदा वाचलं,
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
मग माझ्याकडनं तीस रुपये भरून घेतले
आणि रीतसर छापील पावती दिली.
मी सवयीनं
ती उलटून बघितली.