तीन थापा

मार्गशीर्षातला रविवार, दड्डीच्या पुलाखाली.
दवलमलिक टेम्पोच्या टपावरच्या दोऱ्या सोडतो
आणि एकेक कायाक खाली येते,
बाळंतिणीला गाडीतून उतरवावं तशी, सगळ्यांच्या हातांवरून.
हिडकलचं पाणी तुडुंब, त्यावर वाफ.
पलीकडचा डोंगर अजून उगवलेला नाही.
संकेश्वराकडून मळीचा वास येतो, गोडसर, आंबट.
"थंडी बघूलास काय, डोळ्यातलं पाणीबी गोठूलंय."
खोटं बोलतो. पण कानटोपी कुणीच काढत नाही.

माझी ती लांब, पिवळी, नाकाशी ठिगळ लावलेली.
फिलोमिनाच्या भावाने कारवारहून धाडली.
समुद्रासाठी केलेली, म्हणाला.
मागच्या कप्प्यातून अजून वाळू निघते,
कितीही धुतली तरी. एकदा शिंपल्याचा तुकडा निघाला,
तो लेथशेजारी ठेवलाय, वॉशरच्या डबीत.
उद्यमबागेत आठवडाभर मी बीड कापतो,
पाण्यात सोडलं तर मध्ये कुठे थांबणार नाही असं.
रविवारी तरंगतो.

ही नदी तिकडे वर, समुद्र हाकेवर असताना जन्मते
आणि त्याला पाठ करून पूर्वेला चालू लागते.
आमचंही तेच.
दर हिवाळ्यात ठरतं, संक्रांतीला कारवार.
मग कुणाचा ऊस तोडीला येतो,
कुणाच्या मेव्हणीचं लग्न,
गेल्या वर्षी इराण्णाचा गुडघा.

मोजणं इराण्णाकडे. ओंदु, एरडु, ओंदु, एरडु.
तिनावर कधी जात नाही,
वल्ह्याला पातीच दोन.
त्याच्या मागे आम्ही आठजण,
आणि धुक्यात फक्त पाणी कापल्याचा आवाज,
कुणीतरी नवं कापड फाडत चाललंय असा.

आज उलटायची तालीम.
फिलोमिना शाळेत खो-खो शिकवते, तोच आवाज:
"दर्यावर जायचं तर आधी नीट बुडायला शिका.
उलटलात की धडपडायचं नाही.
होडीच्या बुडावर तीन थापा.
मग हात दोन्ही बाजूंनी चाचपत ठेवायचे.
कुणीतरी नाक आणून लावेल."
कुणीतरी म्हणजे कोण, ते सांगत नाही.

माझी पाळी.
तापलेलं बीड पाण्यात बुडवल्यावर जे होतं
ते माझ्याच डोक्यात झालं.
मग काही नाही. हिरवं. मग मातकट.
खाली जुनी गाडीवाट आहे म्हणतात,
मला माझेच गुडघे दिसले, वर, आभाळाच्या जागी.
थाप. ओंदु.
थाप. एरडु.
तिसरी मारताना तोंडातून बुडबुडा सुटला
तो मूरु म्हणत सुटला असावा.
हात बाहेर, वाऱ्यात, दोन्हीकडे,
लाईट गेल्यावर भिंतीवर बटण शोधतात तसे.
भिंत नाही.
अजून नाही.
छातीत आई आठवते तसं काहीतरी आठवायला लागलं
तेवढ्यात बोटांना लागलं
ओलं फायबर, त्यावरचा खरखरीत चरा.
हा चरा मला माहीत आहे. मालनची होडी.

पूल नव्हता तेव्हा तिचा बाप इथे नाव ओढायचा.
साठी उलटली तरी कासोटा घालून बसते,
लाईफ जॅकेटवर हरणाच्या पट्ट्याची शिवण मारलीय.
मी खोकत वर आलो, नाकातून अख्खी घटप्रभा.
"जरा उशीर झाला बघ," ती म्हणाली,
"तंबाखू थुकूलतो की."

मग काठावर तीन दगडांची चूल, चहा, भडंग.
डोंगर आला होता, आपल्या जागी.
कारवारचं पुन्हा ठरलं, संक्रांतीनंतर,
आणि तारीख कुणीच विचारली नाही.
मी होडी पालथी घातली.
उरलेलं पाणी उतरावं म्हणून
बुडावर हात मारला, सहज, तीनदा.

चुलीपाशी पाठमोरी बसलेली मालन
कप खाली ठेवून उभी राहिली.