पासंग

जोशीबुवांनी पंचांग मिटलं, म्हणाले,
रा री रू रे रो ता ती तू ते.
यातलं कुठलंही अक्षर घ्या. रास तूळ.
आजोबांनी रे उचलला. टिमकीच्या त्यांच्या मागावर
तेव्हा सुती लुगड्याच्या काठाला रेशीम लागायचं,
म्हणून रेशमा.
बाबा फक्त एवढंच म्हणाले,
"तूळ म्हणजे काटाच ना? मग आपलीच हाय."

इतवारीत, मसाल्याच्या ओळीत, एका जिन्याखाली
नत्थूजी धकाते, काटे-तराजू दुरुस्ती.
आत एक माणूस बसेल एवढी जागा.
दुसरा आला तर तो गिऱ्हाईक, त्याने उभं राहायचं.

पेपरात राशींची चित्रं यायची:
मेंढा, बैल, खेकडा, सिंह, विंचू, मासे,
सगळे चालणारे, चावणारे, पोहणारे.
आमच्या चौकटीत नुसता तराजू,
जसा दुकानदार चहा प्यायला गेला आहे.
जुन्या पोथीत तिथे माणूस असतो म्हणे,
बाजारात बसलेला, हातात दांडी धरून.
तो कुठे बसतो
मला माहीत होतं.

तूल म्हणजे कापूस,
हे संस्कृतच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी वर्गात हसले.
कॉटन मार्केटात कधीपासून फक्त भाजी मिळते,
आणि आजोबांचा माग विकून आलेल्या पैशात
बाबांनी ऐरण आणि दोन कानशी घेतल्या होत्या.
एका शब्दातल्या एका खोलीतून
आम्ही दुसऱ्या खोलीत राहायला आलो.

पुस्तकात तुला. आमच्या घरात तुले.
तुले भूक लागली का.
तुले काहून रडू येते व माय.
तुले सांगतो पोरी, तोल जाते तो माणसाचा, काट्याचा नाही.
ला चा उभा काना गेला
आणि डोक्यावर तिरपी मात्रा आली,
कलंडलेल्या दांडीसारखी.
मला ती तशीच सरळ वाटायची.

तुळेत सूर्य नीचेचा, असं जोशीबुवा सांगत.
मे महिन्यात पत्र्याखाली बसणाऱ्या बाबांना
हे कधी पटलं नाही.
पण ऑक्टोबर कलताना, सूर्य खरंच तुळेत आला की,
कळमन्याहून निरोप यायचा:
मोठा काटा अडकला, लवकर या.
मी डबा घेऊन जायचे. जमिनीवर संत्र्यांचे ढीग,
सालींचा वास डोळ्यांत जाणारा,
आणि बाबा गुडघ्यांवर, काट्याच्या पोटात हात घालून,
गाईचं वासरू अडलेलं असावं तसे.

तिथल्याच एका अडत्याने विचारलं होतं,
नत्थूजी, शंभर ग्राम इकडे सरकवता येते का?
तीन हंगाम बाबा नाही म्हणाले.
चौथा हंगाम माझ्या अकरावीच्या फीचा होता.
फी भरली. पावती मी वहीत चिकटवली.
ते दोन दिवस
मला कुठल्याच नावाने हाक मारत नव्हते,
तुले पण नाही.

मग बॅटरीवरचे काटे आले, लाल आकडे दाखवणारे.
दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी आता मेयोत आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात.
रोज बारा-पंधरा जणांचं पहिलं वजन करते.
बाळ ठेवायच्या आधी दुपट्याचं वजन पुसून टाकायचं एक बटण असतं.
दाबलं की शून्य.
एवढं सोपं शून्य बाबांनी पाहिलं असतं
तर ते हसले असते, की गप्प बसले असते,
सांगता येत नाही.

पितळी पारडी भंगारात गेली. वजनमापंही.
मी फक्त पासंग ठेवला:
चिंचोक्याएवढा शिशाचा तुकडा, तार गुंडाळलेला,
हलक्या पारड्याला बांधायचा.
पर्समध्ये असतो, चिल्लरीबरोबर.
कुणी रास विचारली की बोटांना लागतो.

कुठलं पारडं हलकं होतं,
ते मात्र विचारायचं राहिलं.