अल ऐनमधलं शिलाईचं दुकान

आधी एकटा ब्राझीलवाला यायचा,
गळपट्टी उसवलेला जाड पांढरा डगला घेऊन.
'जिउ-जित्सू' म्हणायचा.
मला वाटलं, त्याचं नाव.

आता गुरुवारी पाय ठेवायला जागा नसते.
कझाक, फिलिपिनो, शाळेतल्या अमिराती पोरी,
ज्याचा त्याचा झेंडा दंडावर टाचायचा.
कुठला रंग वर, ते फोनवर बघून घेतो.

खेळ काही पाहिला नाही मी.
पण गुडघा झिजलाय की पाठ,
त्यावरून सुईला कळतं
कोण किती वेळ खाली होतं.

काल शम्सा आली, बारा वर्षांची.
अख्खी बाही फाटलेली, माझा जुना टाका तेवढा शाबूत.
'जिंकले,' म्हणाली.

पाच दिरहम कमी घेतले.
मग शटर ओढून, आरशापुढे,
स्वतःचीच गचांडी धरून पाहिली.