चार बाय शंभर

नाना पेठेत भर दुपारी
मुनीर शिकलगार चार अलॉय पोत्यावर मांडतो,
बनियनच्या चिंधीनं पुसतो, म्हणतो,
"बसणार म्हणजे बसणार. डोळे झाकून न्या."

मी पर्समधून बाबांचा व्हर्निअर काढते.
तो पाहून मुनीर स्टूल पुढे सरकवतो
आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलतो.
इतका वेळ तो ओजसला समजावत होता,
माझ्या भाच्याला,
ज्याला स्टेपनी कुठे असते तेही ठाऊक नाही.

भोकं चार.
एकाच्या बाहेरच्या कडेपासून
समोरच्याच्या आतल्या कडेपर्यंत
शंभर मिलिमीटर. माझंही तेवढंच.
मधलं भोक छप्पन्न पॉइंट एक,
माझा हब चोपन्न पॉइंट एक.
"दोनचा फरक. साधारण सारखंच की, ताई."

बाबा भोसरीत टर्नर होते, एकतीस वर्षं.
'साधारण' हे माप नसतं, म्हणायचे.
आईच्या "साधारण तासाभरात येते"वरसुद्धा
हेच म्हणायचे,
आणि मग तासाभरानं घड्याळाकडे न बघता
दारात जाऊन उभे राहायचे.

"रिंग टाकून देतो," मुनीर म्हणतो. "तीनशे रुपये."
बरं.

चाक उलटं करते. ब्रेकची काळी भुकटी
नखानं खरवडल्यावर आकडा उमटतो, पंचेचाळीस.
त्याच्याखाली पांढऱ्या मार्करनं,
'मागचं डावं'.
डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांच्या कडा खरचटलेल्या.
कुणीतरी वर्षानुवर्षं फूटपाथला घासून गाडी लावलेली,
येणाऱ्या-जाणाऱ्याची अडचण नको म्हणून,
किंवा अंदाजच नव्हता म्हणून.
मी कशी लावते, ते ओजस सांगत नाही.

किल्लीनं ठोकते. चारही खणखणीत.
फरशीवर घरंगळवते, एकही लचकत नाही.
मुनीर पावतीपुस्तक शोधायला लागतो.

तेव्हा मी खिशातून नट काढते,
सकाळी माझ्याच गाडीचा सोडवलेला.
नट निमुळता.
आणि चाकातली त्याची जागा
वाटीसारखी गोल.

ठेवला तर बसतो.
पान्यानं आवळला तर आवळलाही जाईल.
पण टेकेल फक्त एका रेघेवर,
आणि खंबाटकी उतरताना केव्हातरी
ती रेघ दमेल.

मुनीर वाकून बघतो. चष्मा वर करून पुन्हा बघतो.
"हे कुणी बघत नाही, ताई."
मग बिस्किटांचा डबा पोत्यावर रिकामा करतो.
गोल बुडाचे नट निघतात, अकरा.
ओजस एक घेऊन गाडीकडे पळतो,
बोल्टवर फिरवतो.
दीड फेऱ्यात अडकतो.
आटे निराळे.

कुणीच काही बोलत नाही.
बाजूच्या दुकानात कुणीतरी हॉर्न तपासतंय,
एकच हॉर्न, पुन्हा पुन्हा.

"पाचशे ठेवून जाते," मी म्हणते,
"चाकं कुणाला देऊ नका.
सोळा नट कातून आणते."
"आता असे कातून कोण देतं?"
आहेत दोघं, बाबांच्या खात्यातले.
एकाचा हात थरथरतो.
दुसऱ्याचा फोन लागला तर.

गाडीत बसल्यावर ओजस विचारतो,
"मावशी, पण मग बसतात की नाही?"
"बसतात रे.
धरत नाहीत अजून."

निघायच्या आधी मी खाली उतरते,
सकाळचा नट जागेवर लावते,
आणि उरलेले तीनही
एकदा हातानं चाचपून बघते.