टोपीतलं पाणी

ताकिले बेटावर पुरुष विणतात.
चालताना, मेंढ्या हाकताना, भांडतानासुद्धा.
मानेभोवतीनं धागा, बोटांत पाच सुया.
आज्याच्या सुया निवडुंगाच्या काट्यांच्या होत्या,
माझ्या सायकलच्या तारांच्या.
सायकल कुणाची ते विचारू नका,
बेटावर रस्ताच नाही.

आम्ही आतून विणतो.
नक्षी पलीकडे उमटत जाते, बघणाऱ्यासाठी.
विणणाऱ्याच्या वाट्याला नुसत्या गाठी.

एकदा बोटीतून आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं,
विणताना तुमच्या मनात काय असतं?
मी म्हणालो, पुढचा टाका.
त्यानं ते वहीत लिहून घेतलं
आणि बराच वेळ तलावाकडे बघत बसला.
मला वाईट वाटलं. खरं तर
मी मेंढी मोजत होतो, एक कमी भरत होती.

गेल्या साली एमेतेरियो आला.
माझ्या नातिव्हिदादशी त्याचं सूत जुळलंय
हे कोंबड्यांनाही ठाऊक होतं,
मलाच काय ते उशिरा कळलं.
रीत म्हणून त्यानं स्वतः विणलेली टोपी पुढे केली,
रीत म्हणून मी तिच्यात पाणी ओतलं.
एक थेंब गळला नाही.

टोपी नाकाशी नेली.
वासच नाही.
ना मेंढीचा, ना चुलीचा, ना हाताचा.
पुनोच्या बाजारातला धागा, गिरणीतला,
जाळला तर वितळेल,
पुरला तर माझ्या पणतवंडाच्या कुदळीला लागेल.
"पाणी राहिलं की," तो म्हणाला.
"बादलीतही राहतं," मी म्हणालो,
"मुलगी काय बादलीला देऊ?"

नातिव्हिदाद चार दिवस माझ्याशी बोलली नाही.
तिच्या आईनं बटाटे अळणी उकडले.

मग म्हणे त्यानं मावशीची तपकिरी मेंढी धरली,
तिला न दुखवता लोकर उतरवली, निम्मी ठेवून,
कारण थंडी अजून सरली नव्हती.
तलावाच्या पाण्यात धुतली, बोटं निळी पडेतो.
एकेक कुसळ वेचलं.
चाती फिरवणं इथं बायकांचं काम,
तो मावशीपुढे मांडी घालून ते शिकला.
पोरं हसली. त्यानं हसू दिलं.
धागा तुटायचा, तो जोडायचा,
तुटायचा, जोडायचा,
पहिला महिना लोकरीपेक्षा जोडच जास्त.
निवडुंगावरचे किडे टिपून लाल केला,
चिल्क्याचा पाला उकळून हिरवा,
पांढरा मात्र तसाच राहू दिला,
मेंढी देते तसा, थोडा मळकट.

परवा आला. बोलला नाही, टोपी ठेवली.
मी पाणी ओतलं.
सगळे उभे. वारासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबल्यासारखा.

एक थेंब.
मग त्याच जागेवरून दुसरा.

मी टोपी उलटी करून तिथले टाके बघितले.
तीन-चार सैल होते, अगदी शेजारी शेजारी.
बाकी वीण अशी की सुई शिरणार नाही.
"इथं विणताना कुठं होतं लक्ष?"
त्याचे कान लाल झाले, टोपीपेक्षा लाल.
नातिव्हिदाद एकदम कणग्यांकडे बघायला लागली.

माझीही गळली होती.
सासऱ्यानं थेंब मोजले होते, मोठ्यानं, सात.
आठव्याला तो खोकला, अजून खोकतो आहे असं करत
पाठ फिरवली, आणि टोपी रिकामी होईपर्यंत
तलावावरच्या बोटी बघत राहिला.

मला तेवढं नाटक जमत नाही.
तिसरा थेंब लोंबायला लागला तसा
मी टोपी तोंडाला लावली
आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं.
मेंढीची चव. पाल्याची. जराशी मातीची.
दाढीवरून ओघळलं ते मी धरत नाही.

"काय झालं?" मागून बायको ओरडली,
"राहिलं का पाणी?"
"पोटात राहिलं," मी म्हणालो.

ती बाहेर आली, टोपी माझ्या हातून घेतली,
पिळली नाही, पिळायची नसते,
दगडी भिंतीवर उन्हात पसरली
आणि त्या पोराला म्हणाली,
बस. बटाटे झालेत.